मोठ्या कोठीतली भिंत

बाबा,

तुम्ही खांद्यावर घेऊन सौंसरचा बाजार दाखवत होते त्या माझ्या पोराच्या कानाजवळचे केस आता पांढरे झाले, आणि मी आज तुम्हाला पत्र लिहायला बसले. बसले मी, लिहून राहिली आहे ती त्याची पोरगी, माझी नात. अक्षर तुम्ही मला शिकवलं नाही, तुम्हालाच कुठं येत होतं. मी 'मले' म्हणते, ही 'मला' लिहिते. म्हणते, आजी, कागदावर असंच असते. असू दे. मघाशी वही काढ म्हटलं तर विचारते, "आजी, ते तं मेले. पत्र कुठी पाठवशील?" म्हटलं, "म्हणून तं तिकीट लावाचं काम नाही. लिही तू."

गोष्ट अशी आहे. ही पोरगी शाळेत गाइडमध्ये आहे. निळा ड्रेस, गळ्यात रुमाल, दोरीला नाना गाठी मारायच्या, जखमी माणसाला पट्टी बांधायची. घरात जखमी कोणी नाही म्हणून माझ्या धड पायाला पट्टी बांधून मला दुपारभर लंगडं केलं हिनं. त्यात ही पहिली आली, आणि आता देशातल्या अशा पोरींना दिल्लीला बोलावणं आहे, राष्ट्रपती भवनात. राष्ट्रपती आपल्या हातानं बिल्ला लावणार. राष्ट्रपती भवन म्हणजे तुमची मोठी कोठी, बाबा. तुम्ही जिथं लाटसाहेबाच्या फरश्या पुसल्या, ती. पोरगा तहसील कचेरीत बाबू आहे, सगळ्या कचेरीला सांगून मोकळा झाला. मग मला म्हणतो, "माय, तू तं तिथं राह्यली. तू हो म्हणशील तं जाईन पोरगी." आणि मी नाही म्हणाले. कारण सांगितलं नाही. थंडी फार असते म्हणाले. उद्या सकाळी हिच्या बाईंना निरोप द्यायचा आहे, नाहीतर पांढुर्ण्याची दुसरी पोरगी जाईल. पोरगा माझ्याशी बोलत नाही, सून जेवायला वाढते पण ताट जरा जोरात ठेवते. ही मात्र सारखी विचारते, काहून आजी, काहून. आता हिला काय सांगू ते तुम्हाला विचारते. तुम्ही उत्तर देणार नाही हे मला माहीत आहे, जिवंत होते तेव्हा तरी कुठं देत होते.

चूक माझीही आहे. त्या कोठीच्या गोष्टी मीच सांगितल्या घरात. हा माझा पोरगा जेवत नव्हता तेव्हा एका घासाला एक खोली दाखवत होते, आणि पोट भरलं तरी खोल्या संपत नव्हत्या. खांबांवर दगडाच्या घंटा होत्या ते सांगितलं. घंटा वाजल्या की राज्य जाते म्हणे, म्हणून साहेब लोकांनी दगडाच्याच केल्या, कधी वाजूच नये. त्या वाजल्या नाहीत आणि राज्य गेलं ते गेलंच. हे सांगितलं की पोरगा दर वेळी हसायचा. बगिच्यात पाखरं हाकलायला वेगळी माणसं होती, त्यांना दुसरं कामच नाही, हे सांगितलं. गोरे गेल्यावर आपला माणूस त्या जागी आला, त्याला एवढ्या मोठ्या खोलीत झोपच येईना, तो लहान खोल्यांत राहायला गेला आणि हिरवळ नांगरून तिथं गहू पेरला, हे तर तुम्हीच सांगितलं होतं. "लाटाच्या बगिच्यात गहू, पोरी. ओंब्या अशा," असा हात करून. हे सगळं खरं आहे. पोरानं त्यावर अजून थोडं चढवलं, तुम्हाला फरश्या पुसणाऱ्या फरासाचा बटलर केला. मी त्याला कधी टोकलं नाही. पण भिंतीचं मी कोणाला सांगितलं नाही.

आता लिही बाई, थांबू नको. मान वर करून माझ्याकडं पाहू नको, कागदाकडं पाहा.

मी तेव्हा आठेक वर्षांची असेन. कामठीच्या ज्या साहेबाच्या बंगल्यावर तुम्ही होते त्यानं तुम्हाला दिल्लीला चिकटवून दिलं, आणि मागून आई मला घेऊन आली. कोठीच्या मागच्या अंगाला नोकरांच्या चाळी, तिथं आपली एक खोली. आईची चूल बाहेर, वरून पत्रा. सौंसरहून आणलेली अंबाडी आई वाळवून ठेवायची आणि शेजारचा खानसामा नाक पुढं करून विचारायचा, आज काय शिजतंय म्हणून. त्या दिवशी मी तुमची भाकर घेऊन कोठीच्या आतल्या मागच्या गल्लीत आले. गल्ली कसली, आपल्या सौंसरच्या रस्त्याहून रुंद. तुम्ही गुडघ्यावर बसून फरशी पुसून राहिले आहात, बादली बाजूला. आणि तिकडून दोन मडमा येतात, लांब झगे, पुढं एक कुत्रा. मी आ करून पाहते आहे. तेवढ्यात तुमचा हात माझ्या मानेवर येतो आणि मी भिंतीकडं वळते. तुम्हीही वळता. नाक दगडाला लागेल इतकं जवळ. दगड थंड, त्याला तेलाचा वास. "पाहू नको," तुम्ही म्हणता, ओठ न हलवता. झग्यांचा आवाज आपल्या मागून जातो. तुम्ही म्हणता, "आपण दिसलो का काम गेलं समज."

कुत्रा मात्र थांबला होता. माझ्या पायाला जीभ लावून गेला. म्हणून मी म्हटलं, "बाबा, कुत्र्याले तं दिसलो आपण."

तुमचे खांदे हलले. भिंतीकडं तोंड ठेवूनच तुम्ही हसत होते, मला तेवढं बाजूनं दिसलं. मग मडमा वळणावर गेल्या आणि तुम्ही मला एक ठेवून दिली. हसवल्याबद्दल की पाहिल्याबद्दल, ते सांगितलं नाही.

तिथं तसा हुकूम होता का, बाबा? मी हे आजवर स्वतःलाच विचारत आले. मी दुसऱ्या कोणाला तसं वळताना पाहिलं नाही. खानसामा बाजूला सरकायचा, झुकून सलाम करायचा. माळी टोपी काढायचे. वळत होते ते तुम्ही. कामठीच्या बंगल्यावरून आणलं होतं की आपल्या गावातूनच बांधून नेलं होतं, कोणास ठाऊक. एकदा आईनं म्हटलं होतं, "त्याईनं सांगतलं का तुमाले?" तुम्ही म्हणाले, "सांगाच्या आधी केलं का सांगा लागत नाही." आणि मला कोठीतून फाटून निघालेल्या पडद्याचं कापड दिलं, लाल, मऊ, उंदरानं एका कोपऱ्यात कुरतडलेलं. त्याची माझ्या लग्नातली चोळी झाली. सगळं सासर चोळीला हात लावून पाहत होतं, आणि मी मनात म्हणत होते, बाईनो, ही लाटसाहेबाची खिडकी आहे.

ही हसून राहिली. हस. पुढचं लिही.

गोरे गेले. चाळीतली किती कुटुंबं पाकिस्तानात गेली. खानसामा गेला, आमच्या अंबाडीचा वास घेणारा. तुम्ही राहिले. गव्हाच्या वर्षी सुट्टीवर आले तेव्हा माझ्या घरी जेवायला बसले होते, आई बाजूला, आणि तुम्ही गंमत म्हणून सांगितलं. "खादीवाला पाव्हणा होता कोणी, मोठा. मी फरशीवर होतो. तो आला, मी फिरलो भिंतीकडं. तं तो थांबला. माह्या पाठीले नमस्कार केला न् मंग गेला. संगच्या गड्यानं सांगतलं मले." आम्ही सगळे हसलो. पाठीला नमस्कार. आई हसली नाही. ती म्हणाली, "तुमी मागं फिरले काहून नाही मंग?" तुम्ही भाकरीचा तुकडा मोडला, ठेचा मागितला. ठेचा तुमच्या ताटात होता.

मग तुम्ही कायमचे सौंसरला आले, आणि नागपूरचा तो दिवस आला. आपण छोट्या लाइनच्या गाडीनं गेलो, पांढऱ्या कपड्यांत, इतकी गर्दी की माझी एक चप्पल सौंसरलाच राहिली. मैदानात मी दीक्षेचे शब्द म्हणत होते आणि तुमच्याकडं पाहत होते. एवढे मोठे लोक समोर, आणि तुम्ही सरळ पाहून राहिले. टाचा उचलून. कोणी मध्ये आलं तर मान काढून. मी तुम्हाला समोर पाहताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. येताना गाडीत मी मनात म्हटलं, सुटलं.

आठवडाही झाला नसेल. तहसीलदार आपल्या वस्तीतली विहीर पाहायला आले. मी दारात उभी. तुम्ही अंगणातून येत होते, अंगावर तेच पांढरं धोतर, आणि ते समोर आले तसे तुम्ही वळले. आपल्याच घराच्या भिंतीकडं. त्याच सकाळी मी ती चुन्यानं पोतली होती. ते गेले तेव्हा तुमच्या नाकाला चुना लागलेला. मी पदरानं पुसला. तुम्ही माझ्याकडं न पाहता म्हणाले, "पाय वळले वं पोरी. मी नाही वळलो."

पुढच्या वर्षी तुम्ही गेले.

आणि परवा, बाबा, हिच्या बाई घरी आल्या. चांगली बाई आहे, पांढुर्ण्याहून बसनं आली, शनिवार म्हणून जामसांवळीच्या देवाला जाणाऱ्यांच्या गर्दीत उभी राहून. मी चुलीवर बेसनाचं चून ढवळत होते. बाई आत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आजीबाई, तुम्ही तर त्या घरात राहिलेल्या. तुम्हीच सांगा ना घरच्यांना." आणि मी डब्यांच्या फळीकडं तोंड करून उभी. कधी उठले, कधी वळले, मला कळलं नाही. बाई माझ्या पाठीशी बोलून राहिल्या. ही म्हणाली, "आजी, बाई इकडं बसून आहेत."

"साखर पाहून राहिली मी."

"साखरीचा डबा तं तुह्या हातात आहे."

तेव्हाच मी नाही म्हणाले. फळीकडं तोंड करूनच. थंडी फार असते म्हणाले.

आता इथं हिनं पेन थांबवलं. मला म्हणते, "आजी, म्हणून?" मी म्हटलं, "म्हणून." बाहेर सून भांडी घासत होती, तीही थांबली होती, म्हणजे ऐकून राहिली होती. मग ही म्हणाली, "मी नाही वळणार, आजी."

मला ते माहीत आहे, बाबा. हिला वळता येतच नाही. ही सगळ्यांकडं डोळे उघडे ठेवून पाहते, तहसीलदाराकडं, गायीकडं, सारखंच. हिचा बाप म्हणतो, मोठ्यांपुढं जरा नजर खाली ठेव, तर ही त्याच्याकडंच टक लावून पाहते. आधी मी स्वतःला सांगितलं होतं, ते घर पोरीच्या मानेवर हात ठेवेल म्हणून मी भिते. आता बोलता बोलता कळलं की ते काही खरं नाही. ही त्याच लांब गल्लीतून जाईल, बूट वाजवत. समोरून राष्ट्रपती येतील. ही सरळ उभी राहील, ते बिल्ला लावतील, काही विचारतील, ही उत्तर देईल. कोणी रागावणार नाही. चहा मिळेल, बिस्किट मिळेल. घरी येईल आणि सांगेल, आजी, काहीच झालं नाही.

म्हणून सकाळी मी बाईंना हो म्हणणार आहे. लिहिलंस? हो, तेच लिही. सुनेला आत बोलावून सांग, निळा ड्रेस आजच भिजव, थंडीचं वाळत नाही.

एवढंच सांगायचं होतं, बाबा, आणि हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून बोलते. ती येऊन काहीच झालं नाही म्हणेल तेव्हा मी तिला जवळ घेईन, गावभर साखर वाटीन, आणि मला तुमचा राग येईल, मग तुम्ही जन्मभर कशाला वळले म्हणून. आतापासूनच येऊन राहिला आहे. तुमच्या अंगणात उभी राहून नाकाचा चुना पुसला तेव्हाही आला होता, मी पदर जरा जोरात फिरवला होता. तुम्ही डोळे मिटून घेतले.