मौनातला रविवार

सोमवार, ४ तारीख
रविवारी मुलगी येणार. सहा महिन्यांनी. बँकेतली नोकरी सोडून कुत्र्यांचे केस कापायचं दुकान काढलं, म्हणून तेव्हा मी चार शब्द बोललो होतो. ही म्हणते, चारशे होते, आणि शेवटचे 'पुन्हा तोंड दाखवू नकोस' असे होते. बायकोची स्मरणशक्ती नको तिथे तल्लख. या वेळी आवाज चढवलात तर पोरगी कायमची तुटेल, असं तिने बजावलंय.
निश्चय: रविवारपर्यंत क्रोध जिंकायचा. योगाने. मार्ग चारच आहेत. योग म्हणजे जोडणं, जीवात्म्याला परमात्म्याशी. तेवढं जमलं की मुलगीबिलगी आपोआप जोडली जाते.

मंगळवार, ५
कर्मयोग. फळाची अपेक्षा न धरता सगळी भांडी घासली. ही काहीच बोलली नाही. ओट्यापाशी जाऊन खाकरलो. ढिम्म. शेवटी मीच सांगितलं की भांडी निष्काम भावनेने घासली आहेत. कढई तेलकट राहिलीय म्हणाली. कर्मयोग संसारी माणसाचं काम नव्हे.

बुधवार, ६
भक्तियोग. अहंकाराचं संपूर्ण समर्पण. ऑफिसात साहेबांमध्येही ईश्वर पाहिला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत. मग त्यांनी माझा रिपोर्ट दुसऱ्यांदा परत पाठवला आणि ईश्वराला काही कळत नाही, हे त्याच्या तोंडावर सांगावं लागलं.

गुरुवार, ७
ज्ञानयोग. 'मी कोण?' एवढाच प्रश्न धरून बसायचं. बसलो. दूध उतू गेलं. मी कोण ते हिने सविस्तर सांगितलं. लिहून ठेवण्यासारखं नाही.

शुक्रवार, ८
राजयोग. पद्मासन. डावा पाय उजव्या मांडीवर गेला, परत येईना. हिने शेजारच्या सुतारांना बोलावलं. त्यांच्यामागून त्यांचा कुत्राही बघायला आला. सुतारांनी हसू दाबत पाय सोडवला. मी सुतारांवर आणि कुत्र्यावरही ओरडलो, नको नको ते बोललो. पण ते वेदनेचं ओरडणं. क्रोधात धरायचं नाही.

शनिवार, ९
सगळ्या मार्गांचं सार सापडलं! मौन. तोंडच उघडलं नाही तर आवाज चढेल कसा? हिलाही सांगितलेलं नाही. साधना गुप्त ठेवावी.

रविवार, १०, संध्याकाळी
विजय!
मुलगी आली. ही दूध आणायला खाली गेली होती. मी हॉलमध्ये डोळे मिटून बसलेलो. बाबा, म्हणाली. मौन. जवळ येऊन बसली. अंगाला कुत्र्यांच्या शाम्पूचा वास. तरी मौन. दुकान बरं चाललंय म्हणाली. मग म्हणाली, माझंही चुकलं असेल, पण एकदा बोला तरी. उत्तर ओठांवर आलं, प्राणायामाने आवरलं. शेवटी तिने विचारलं, अजून माझं तोंड बघायचं नाही का? पापणीही हलू दिली नाही.
चहा न घेता गेली. आवाज एकदाही चढला नाही!
स्वयंपाकघरात ही रडतेय. आनंदाने असेल.

सोमवार, ११
आनंदाने नव्हतं.
जिन्यात मुलगी हिला म्हणाली म्हणे, बाबांनी आपला शब्द खरा केला, आता मी येणार नाही.
फोन लावला. मी रागावलो नव्हतो, योगात होतो, एवढंच सांगायचं होतं. उचलत नाही. पुन्हा लावला. उचलत नाही. ही माझ्याशी बोलत नाही.
दुकानातच जावं म्हणतो. पण तिथे कुत्र्याशिवाय नुसतंच कसं जाणार? काय म्हणून जाणार? सुतारांकडे कुत्रा आहे. शुक्रवारी ओरडलो नसतो तर मागता आला असता.