छताची खिट्टी

पोर्ट ऑगस्टा,
२ ऑगस्ट १९९३

ती. व्हॅल्माताईस,
नोरीनचा सा. न. वि. वि.

इथवर सुखरूप पोचलो. निघताना तू फाटकाशी उभी राहून रडलीस आणि वर म्हणालीस की डोळ्यांत धूळ गेली. मर्विन अजून त्यावरून तुझी टर उडवतो. एरवी गाडीमागून ओढत न्यायची ही कॅरॅव्हॅन घर म्हणून छान आहे. दोन शेगड्यांवर माझा सगळा संसार चालतो.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. ताई, मला भीती वाटते. कॅरॅव्हॅनच्या कुशीला नळ्यावर गुंडाळलेलं ते कापडी छत तू पाहिलं आहेस. मुक्कामाला पोचलं की ते ओढून दोन दांड्यांवर ताणायचं आणि सावलीत खुर्च्या टाकायच्या. हे काम मर्विनचं. मी आजवर त्याला हातही लावलेला नाही. गेल्या आठवड्यात पावसात भिजलेलं छत त्यानं तसंच गुंडाळलं. ज्यानं आजवर ओलं छत गुंडाळू नये म्हणून साऱ्या कॅम्पला उपदेश केले, त्यानं! दोन मुक्कामांनी उघडलं तर काळ्या बुरशीचे ठिपके. आणि मलाच विचारतो, हे कोणत्या गाढवानं गुंडाळलं म्हणून.

मी हसण्यावारी नेलं. पण काल निघताना पाहिलं, तर नळा जागच्या जागी धरून ठेवणारी खिट्टी उघडीच लोंबत होती. मी गुपचूप बसवली. पुढे नलारबॉरचं माळरान आहे, झाड नाही, घर नाही, नुसता आडवा वारा. चालत्या गाडीवर छत उघडलं तर काय होईल, या विचारानं जेवण जात नाही. परत फिरू या म्हटलं तर भयंकर चिडला. एस्परन्सला ग्लेनिसकडे पोचायचं म्हणजे पोचायचंच, म्हणाला. लेकीची एवढी ओढ त्याला कधी नव्हती.

उत्तर सेडूनाच्या पोस्टाच्या पत्त्यावर पाठव, तिथून घेईन. तुझ्या सांध्यांना जप.

तुझी घाबरट बहीण,
नोरीन

* * *

हॉर्शम,
६ ऑगस्ट १९९३

चि. नोरीन हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पण तू मर्विनशी वाद घालू नकोस. पुरुषाला विसरलास म्हटलं की तो ऐकू न आल्यासारखं करतो. तू आपली स्वतः शिकून घे. शेजारच्या कॉलिनला विचारून लिहिते आहे.

बुरशी कोमट पाण्यानं आणि साध्या साबणानं धू, मऊ ब्रश घे. ब्लीच लावलंस तर शिवण कुजेल. धुतल्यावर पुरतं वाळेपर्यंत गुंडाळायचं नाही. ओलं गुंडाळायची वेळ आलीच, तर पुढच्या मुक्कामाला चहाच्याही आधी उघडायचं. पावसाळी हवेत एक बाजू खाली ठेव, नाहीतर मधोमध पाण्याची पखाल तयार होते. वारा वाढला की दोऱ्यांवर भरवसा ठेवत बसू नकोस, सरळ गुंडाळ. आणि छत उघडं टाकून फिरायला जायचं नाही. छत म्हणजे पाहुणा, त्याला घरात एकटं सोडायचं नाही.

आणखी एक. छत उघडलंस की कपड्यांचा लाल चिमटा गाडीच्या स्टिअरिंगला लाव. दोन्हीकडच्या खिट्ट्या हातानं चाचपल्याशिवाय तो काढायचा नाही.

कागद संपला, आणि भाजीवाल्यासारखी माझी यादी मात्र संपत नाही. तुझ्या त्या सपक स्ट्यूमध्ये जरा मिरपूड घालत जा, नाहीतर माणूस घरची चव विसरेल.

आशीर्वाद आहेतच, पत्रही येऊ देत.

व्हॅल्मा

* * *

सेडूना,
१३ ऑगस्ट १९९३

ती. व्हॅल्माताईस,
सा. न. वि. वि.

तुझा कॉलिन भलताच हुशार निघाला! साधी कपडे वाळत घालायची दोरी ज्याला बांधता येत नाही, तोच ना? आणि तू, जी आयुष्यात एक रात्र तंबूत झोपली नाहीस, ती मला छताचं शास्त्र शिकवतेस. पण खरं सांगते, सगळं उपयोगी पडलं. ठिपके बरेच गेले. पहिल्यांदा एकटीनं गुंडाळलं तेव्हा छत ओढायचा पट्टा हातातून सटकला आणि नळा असा गरकन फिरला की शेजारची बाई किंचाळली. मर्विन खुर्चीत बसून पाहत होता. मला वाटलं रागावेल. तो म्हणाला, पट्टा सोडताना हात नळ्याबरोबर जाऊ दे. एवढंच.

लाल चिमट्याबद्दल त्यानं काही विचारलं नाही. मी मात्र रोज विचारते स्वतःला, की हे किती दिवस पुरणार. काल न्हाणीघराकडून परत येताना तो दुसऱ्याच कॅरॅव्हॅनच्या पायरीवर चढला. त्या लोकांना त्यानं गंमत केल्यासारखं भासवलं आणि सगळे हसले. मीही हसले. मग हाताला धरून त्याला आमच्या दारी आणलं, ताई.

उद्या माळरानावर निघतो. मागे कॅरॅव्हॅन जोडली की गाडी मला चालवता येत नाही, हे तुला ठाऊक आहेच. पुढचं पत्र नॉर्समनहून. आमची आठवण ठेव, आणि चर्चमध्ये गेलीस तर आमच्यासाठी एक मेणबत्ती जास्त लाव.

नोरीन

* * *

नॉर्समन,
२३ ऑगस्ट १९९३

ती. व्हॅल्माताईस,
सा. न. वि. वि.

आधी हे वाच: आम्ही दोघं जिवंत आहोत.

माळरानावरच्या शेवटच्या मुक्कामावरून निघत होतो. गाडीला कॅरॅव्हॅन जोडणाऱ्या माणसाशी बोलायचं नाही, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. बोलण्याच्या नादात एखादं काम राहून जातं. पण शेजारचा एक क्वीन्सलँडचा गडी मासे धरल्याच्या बढाया मारत थेट मर्विनकडे निघाला. मर्विनचं लक्ष उडू नये म्हणून मी मध्येच आडवी गेले आणि त्याला बोलण्यात गुंतवलं. तेवढ्यात मर्विननं गाडी सुरू केली. मी धावत जाऊन बसले, आणि बसता बसता चिमटा काढून खिशात टाकला. मी, ताई. चाचपल्याशिवाय.

समोरून तीन डब्यांची ट्रकगाडी गेली, तिच्या झोताबरोबर मागून बंदूक उडाल्यासारखा आवाज आला. छत उघडून टपावर फडफडायला लागलं आणि कॅरॅव्हॅननं गाडीला शेपटीसारखं हिसडलं. मी डोळे मिटले आणि ओरडले. मर्विन ओरडला नाही. गाडीच्या ब्रेकवर पायही ठेवला नाही त्यानं, नुसता कॅरॅव्हॅनचा वेगळा ब्रेक हलकेच दाबत, स्टिअरिंग सरळ धरून, आम्हाला कडेच्या खडीवर आणून उभं केलं. त्या हातांना सगळं आठवत होतं.

मग आम्ही वाकलेला दांडा सोडवला आणि फाटकं कापड दोरीनं बांधलं. मी रडत होते, चूक माझी म्हणत होते. तो माझी समजूत काढत म्हणाला, दांड्यांभोवती जादा पट्टा बांधला असता तर खिट्टी सुटूनही छत उघडलं नसतं. मग सहज विचारलं, व्हॅल्मानं पट्ट्याचं तुला लिहिलं नाही का, मी तिला दोनदा बजावलं होतं.

बोलून गेला, आणि आपण काय बोललो हे त्याच्या लक्षातही आलं नाही. पाहुण्याला एकटं सोडू नये, असंही पुटपुटला. हे कॉलिनचं वाक्य ना?

ताई, मला खरं काय ते कळू दे. पत्र एस्परन्सला ग्लेनिसच्या पत्त्यावर टाक.

नोरीन

* * *

हॉर्शम,
२८ ऑगस्ट १९९३

चि. नोरीन हिस,
आशीर्वाद. आणि आज तुझी माफीही मागते.

मे महिन्यात, तू दवाखान्यात दात काढायला गेली होतीस, तेव्हा मर्विन माझ्याकडे आला. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की आठवण जात राहणार, आणि थांबणार नाही. तुला सांगू नये म्हणून त्यानं माझ्याकडून वचन घेतलं. मी भांडले त्याच्याशी. तो म्हणाला, नोरीनला कळलं तर ती त्याच दिवसापासून माझ्यासाठी रडायला लागेल. अजून थोडे दिवस तिनं मला ओरडावं अशी इच्छा आहे. जोवर गाडी चालवता येते आहे, तोवर तुला ग्लेनिसजवळ पोचवायचं, एवढाच त्याचा हिशोब.

मग त्यानं माझा टेबलक्लॉथ केरसुणीच्या दांड्याला गुंडाळला आणि सगळं छत मला शिकवलं. मला येईना तेव्हा मी हसले, तो हसला नाही. म्हणाला, मी शिकवायला लागलो तर नोरीन का म्हणून विचारेल, तुझ्याकडून ऐकेल.

पट्ट्याचं त्यानं दोनदा सांगितलं होतं. मी मात्र स्ट्यूवर विनोद करण्यात कागद संपवला. आपण विसरू या भीतीनं त्यानं मला सांगून ठेवलं, आणि विसरले मी. तुम्हा दोघांना काही झालं असतं तर मी तोंड कुणाला दाखवलं असतं?

रागावली असलीस तरी लिही.

व्हॅल्मा

* * *

एस्परन्स,
५ सप्टेंबर १९९३

ती. व्हॅल्माताईस,
सा. न. वि. वि.

रागावले होते. दोन दिवस तुझं नावही काढलं नाही. मग ग्लेनिसच्या अंगणात नवीन कापड लावून घेतलं, आणि राग कुठे ठेवावा ते कळेना. भीती मात्र गेली नाही. आता तिला नाव आहे, एवढंच. मर्विनला मी काही बोलले नाही. अजूनही त्याला ओरडते, त्याची इच्छा आहे ना. काल बूट घालून अंथरुणात शिरला म्हणून चांगली खरडपट्टी काढली, आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

आज सकाळी छत एकटीनं उघडलं. एक बाजू खाली घेतली, दोऱ्या ताणल्या, चिमटा स्टिअरिंगला लावला. दुपारी वारा सुटला तसं गुंडाळलं, हात नळ्याबरोबर जाऊ दिला, दोन्ही खिट्ट्या चाचपल्या आणि दांड्यांभोवती जादा पट्टा आवळला. मर्विन खुर्चीतून सगळं पाहत होता. उठून आला, पट्टा ओढून बघितला आणि खूश झाला. त्यानं विचारलं, इतकं नीट हे तुला शिकवलं कुणी. मी म्हटलं, व्हॅल्मानं.

त्यानं ते नाव दोनदा उच्चारून पाहिलं. मग म्हणाला की ही बाई कोण ते काही ध्यानात येत नाही, पण शिकवते छान. तिला माझे आभार कळव.

म्हणून कळवते आहे.

तुझी,
नोरीन