व्हॅसलीनच्या डबीतला छर्रा

चि. धाकट्यास थोरल्याचे भरभरून आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं ठणठणीत. तुझा गुडघा काय म्हणतो? जिना चढताना कठडा धरतोस की अजून लोकांना तरुणपण दाखवतोस? तुझ्या बायकोचा खोकला गेला असेल अशी आशा आहे. तुझी वहिनी नेहमीसारखी तापट आहे, म्हणजे तिची प्रकृती उत्तम समज.

पत्र मिळालं. दोन पानं हवापाण्याची आणि शेवटी एकच कामाची ओळ: रविवारी शर्यतीत नक्की काय झालं? तुझ्या लेकीने तुला फोनवर सांगितलं म्हणे, ‘काही नाही बाबा, काका जरा घाबरले.’ जरा! माझी पाचावर धारण बसली होती आणि ती म्हणते जरा. तू शर्यतीला हो म्हणालास ते माझ्या शब्दावर. ‘दादा, गिअरबॉक्स तू स्वतः बसवणार असशील तरच’ असं म्हणाला होतास. (बत्तीस वर्षांच्या, दातांची डॉक्टर झालेल्या मुलीला बापाची परवानगी कशाला, असं तिने विचारलं होतं. आपण दोघांनीही ते ऐकलं नाही.) तेव्हा खरं काय ते तुला कळलंच पाहिजे.

शर्यत म्हणजे पाव मैलाचा सरळ रस्ता, शेजारी शेजारी दोन गाड्या, दिवा हिरवा झाला की सुटायचं. बारा-तेरा सेकंदांत खेळ खलास. आणि गाडी ऑटोमॅटिक. तुला ठाऊकच आहे, मी जन्मभर ऑटोमॅटिकला नाकं मुरडली. आळशांची गाडी म्हणायचो. एकसष्टाव्या वर्षी पहिली उघडली आणि दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. अरे, इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये क्लच नाहीच, तेल आहे! बादलीतलं पाणी हाताने जोरात गरगर फिरव आणि वर एक वाटी सोड. वाटीला कुणी हात लावत नाही, तरी ती फिरते. कन्व्हर्टर म्हणतात तो एवढाच. रोजच्या गाडीत ही वाटी लगेच फिरायला हवी, म्हणजे सिग्नलवरून गाडी अलगद निघते. शर्यतीच्या गाडीत जरा उशिरा. इंजिनाने आधी पुरता दम धरायचा आणि मग एकदम हिसडा. आपल्या पोरीला एकाच गाडीत दोन्ही हवं, सोमवार ते शनिवार दवाखाना आणि रविवारी शर्यत. मी दोन्हींच्या मधला कन्व्हर्टर बसवला, तेल तापू नये म्हणून पुढे वेगळी जाळी लावली, आणि गिअर झटकन पडावेत म्हणून आतला सुट्या भागांचा एक संच बदलला. आता गिअर पडतो तो पाठीत धपाटा घातल्यासारखा. (पहिल्या दिवशी दवाखान्यात जाताना तिच्या मांडीवरचा डबा सांडला.)

खरी मेख त्या संचातच होती. गिअरबॉक्सच्या पोटात व्हॉल्व्ह बॉडी नावाची एक थाळी असते, सगळी चर आणि भोकं. चरांतून तेल धावतं आणि ते कुठल्या वाटेने जायचं हे ठरवतात वाटाण्याएवढे लोखंडी छर्रे. थाळी खालून वर बसवावी लागते, त्यामुळे छर्रे पडू नयेत म्हणून व्हॅसलीन लावून चिकटवायचे, ही आमची जुनी रीत. मूळचे छर्रे आठ. संचाच्या कागदात लिहिलं होतं, एक काढून टाका, सातच घाला. तसे मी घातले.

रविवारी सकाळी ऊन आणि वारा असा की ओठ तडकले. पोरीची गाडी रांगेत चौथी. मी खिशातून तीच कामाची व्हॅसलीनची डबी काढली, बोट बुडवलं, ओठाला लावलं, तर दाताला काहीतरी टक् करून लागलं. हातावर घेऊन बघतो तो छर्रा!

धाकट्या, माझ्या तोंडचं पाणी पळालं. हा काढून टाकलेला आठवा, की आत असायला हवा होता तो सातवा? आत सहाच असतील तर दवाखान्याच्या वाटेवर हळू चालवताना ते कळायचं नाही, पण पूर्ण जोरात तिसरा गिअर पडताना दुसरा सुटायचा नाही. एका वेळी दोन गिअर, मागची चाकं जाम, आणि तेव्हा गाडीचा वेग शंभराच्या वर.

तुझ्या वहिनीला फोन लावला. म्हटलं, कामाच्या टेबलावर, डब्यांत, कुठे एखादा छर्रा पडलाय का बघ. तो घरी सापडला तर माझ्या हातातला गाडीतला, एवढं साधं गणित. ती म्हणाली, ‘परवा मीच सगळं झाडून काढलं. तुम्हीच मागे लागला होतात.’ म्हटलं, झाडताना काही दिसलं का? ‘तुमच्या टेबलाखाली काय काय दिसतं ते सांगायला बसले तर संध्याकाळ होईल.’ एवढ्यात रांग दोन गाड्या पुढे सरकली.

मी पळालो. अडुसष्टाव्या वर्षी, चपला घालून. शिट्टीवाल्या पंचाने आडवा हात घातला, ‘आजोबा, मागे व्हा!’ मी त्याच्या हाताखालून वाकून गेलो. पोरगी एव्हाना रेषेवर. डाव्या पायाने ब्रेक दाबलेला, उजव्याने इंजिन चढवलेलं, गाडी थरथरतेय. काचेवर थापा मारून छर्रा दाखवला. तिने काच खाली केली.

‘काका, सातच घातले होते ना?’

‘हो.’

‘नक्की?’

नक्की म्हणायला मला अर्धा सेकंद पुरला असता. पन्नास वर्षं गिऱ्हाइकांना नक्की म्हणत आलोय. तुझा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मी म्हणालो, ‘नाही गं. नक्की नाही.’

तिने इंजिन बंद केलं. गाडी ढकलून बाहेर काढली. लोकांनी हुर्यो उडवली, ती माझ्यासाठी होती. चार महिन्यांची तयारी, आणि तिची पाळी गेली.

तेल निवायला तासभर लागला. त्या तासात मी माझ्या वाडवडिलांसकट स्वतःला शिव्या दिल्या. (म्हणजे तुझ्याही. माफ कर.) मग गाडीखाली आडवे झालो, परात धरली आणि थाळी सोडवली. छर्रे पडू लागले. टप्. टप्. ती मोठ्याने मोजत होती. सहा पडले आणि आवाज थांबला. मी डोळे मिटून घेतले. ‘काका, हलू नका,’ म्हणाली. पिशवीतून दात बघायचा छोटा आरसा काढला, चरांत फिरवला, एका कोपऱ्यात जाऊन थांबली आणि अगदी दवाखान्यातल्या आवाजात म्हणाली, ‘सापडला. मागच्या दाढेत अडकलाय.’

सात! सातच्या सात जागेवर! माझ्या हातातला छर्रा निव्वळ काढून टाकलेला होता. म्हणजे गाडी ठणठणीत होती आणि तिची पाळी मी फुकट घालवली. मला रडू आलं ते आनंदाचं की लाजेचं, ते अजून ठरायचंय.

पुन्हा सगळं बसवलं. सामने संपल्यावर पंचाने तिला एक धाव दिली, नोंदीत न धरण्याच्या अटीवर. (‘आजोबांना कुणीतरी धरून ठेवा’ ही दुसरी अट.) दिवा हिरवा झाला. धप्, दुसरा. धप्, तिसरा. गेली! फळ्यावर आकडा आला तो दिवसभरातल्या विजेत्यापेक्षा कमी. तो कुठेच लिहिला जाणार नाही, म्हणून इथे लिहितो: बारा पूर्णांक एक.

तुझी लेक सुखरूप आहे आणि माझ्याशी बोलते आहे. लोभ आहेच, तो तसाच असू दे.

तुझा,
दादा

ता. क. तू विचारशील, पन्नास वर्षं मिस्त्रीकाम केलेला माणूस, नक्की का म्हणाला नाही? तर छर्रे मी बोटांनी चाचपून मोजले होते. वर्षभर असंच चाललंय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशनला येत्या गुरुवारची तारीख दिली आहे आणि मला भीती वाटते. तू येशील का? नुसता बाहेरच्या बाकावर बस. वहिनीला मात्र यातलं अक्षरही कळू देऊ नकोस, ती उगाच घर डोक्यावर घेईल.

ता. क. २. भाऊजी, नमस्कार. ह्यांनी लिहिलेल्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या, पोस्टमनलाही पत्ता लागला नसता. म्हणून सगळं पत्र मी पुन्हा सुवाच्य लिहून काढलं आहे. एक शब्द बदललेला नाही, ‘तापट’सुद्धा ठेवला आहे. गुरुवारची तारीख मीच घेतली. डॉक्टरांनी आपणहून दिली असं ह्यांना वाटतं, तर वाटू दे. बुधवारीच या. ऑपरेशनला पोरगीच तिच्या गाडीने नेणार आहे. तुम्ही मागे ह्यांच्याजवळ बसा आणि काहीतरी बोलत राहा, नाहीतर सबंध वाट गिअर मोजत बसतील.