आबांची जनुकं

३ मार्च २०२५, सोमवार
वजन १०४. काट्यात दोष आहे.
गेल्या जुलैत धुळ्याला पोट लहान करण्याचं ऑपरेशन झालं. माझं आणि कामिनीचं, एकाच दिवशी, डॉ. चेलनांच्याच हातून. त्या दिवशी दोघी ११८. आज कामिनी ७९. आम्ही जुळ्या. मी अकरा मिनिटांनी मोठी, म्हणून ती मला अक्का म्हणते. म्हणायला मीच लावलं.
नव्वदच्या आत आले तरच डॉ. हितेंद्र गुडघे बदलणार. तारीख २ जून. सध्या खुर्चीतून उठायला सुमनबाई लागते, आणि ती स्वयंपाकाला येते, उचलायला नव्हे.
तीन महिन्यांत चौदा किलो. तेहतीस वर्षं मुलींना विज्ञान शिकवलं. शरीर मला कळतं.

१७ मार्च, सोमवार
१०४.५. ऑपरेशननंतर पहिला महिना फक्त पातळ आहार होता आणि वजन उतरलं ते तेव्हाच. निष्कर्ष उघड आहे. आजपासून पुन्हा फक्त पातळ. सकाळी केळ्याचा मिल्कशेक, दोन ग्लास. दुपारी शेवभाजीचा रस्सा. शेव चावायची नाही, विरघळू द्यायची. संध्याकाळी बासुंदी.
सुमनबाई म्हणाली, "ताई, हाई बठ्ठं पातळच शे, मंग वजन का बरं उतरत नही?" तिला गॅसकडे लक्ष द्यायला सांगितलं.

५ एप्रिल, शनिवार
धुळ्याला तपासणी. मला गाडीतून दोघांनी काढलं. कामिनी धुळ्यातल्याच देवपूरहून चालत आली. तिला बघून कंपाउंडर म्हणाला, "आईंना लिफ्टने न्या, मॅडम." कामिनी हसली. तिने हसायला नको होतं.
डॉ. चेलना म्हणाल्या, या ऑपरेशनचा परिणाम थोडाफार जनुकांवरही असतो. पुढे त्या बरंच बोलल्या. मुद्दा मला आधीच कळला होता.

६ एप्रिल, रविवार, पहाटे ५
सगळा उलगडा झाला. पाचोऱ्याचे आमचे वडील, आबा, दोन माणसांच्या जागेत बसत. मी आबांवर गेले, कामिनी आईवर. शाळेत बाई आम्हाला रिबिनीच्या रंगावरून ओळखत, पण दिसणं वेगळं आणि जनुकं वेगळी. मी बी.एस्सी. आहे.
लाळेवरून तपासणी होते. दोन नळ्या मागवल्या. रिपोर्ट डॉ. हितेंद्रांसमोर ठेवीन. दोष जनुकांचा असेल तर नव्वदची अट ते कोणत्या तोंडाने घालतील?

३० एप्रिल, बुधवार. अक्षय्य तृतीया, आमची आखाजी
कामिनी माहेरपणाला माझ्याकडे आली. नळीत थुंकताना म्हणाली, "अक्का, नापास झालीस म्हणून पेपरच बदलून मागतेयस की काय?" धाकट्यांना जास्त बोलू दिलं की असं होतं.
सुमनबाईने खापरावरचे पुरणाचे मांडे केले. सणाला नाही म्हणणं बरं दिसत नाही. मांडा आमरसात बुडवून पंधरा मिनिटं ठेवला तर तो पातळच होतो. प्रयोग तीनदा केला. तिन्ही वेळा तेच. कामिनी पाव मांडा खाऊन उठली. तिची जनुकं.

१२ मे, सोमवार
१०७.
सकाळी बाथरूममध्ये स्टुलावरून घसरून खाली बसले, ती उठता येईना. पाऊण तास. सुमनबाई आली, तिच्याने होईना, म्हणून शेजारच्या चंदनबाईंना बोलावलं. आधी अंगावर काहीतरी टाक म्हटलं. दोघींनी काखेत हात घालून ओढलं. चंदनबाई म्हणत होत्या, "ताई, तुम्हीपण जोर लावा ना." मी लावतच होते.
रडले नाही. नळ चालू होता.
रिपोर्ट यायलाच हवा. देवा, आता यायलाच हवा.

२६ मे, सोमवार
प्रयोगशाळेतून मयुरी नावाच्या मुलीचा फोन. म्हणाली, "मॅडम, तुम्ही दोन्ही नळ्यांत स्वतःचीच लाळ पाठवलीत. दुसऱ्या बाईंची पाठवा ना." तिला झापलं. नळ्यांवर नावं मी स्वतः घातली होती, तारखेसह. ती घाबरून म्हणाली, "मग तुम्ही एकसारख्या जुळ्या असाल, मॅडम. त्यांची जनुकं सारखीच असतात."
तिला म्हटलं, हे मला शिकवू नकोस. नववीच्या मुलींना मीच शिकवत होते.
फोन ठेवल्यावर बराच वेळ बसून राहिले. उठवायला कोणी नव्हतं.

२ जून, सोमवार
१०८. तारीख रद्द. डॉ. हितेंद्रांकडून निरोप आला, वजन उतरलं की कळवा.
कामिनीला फोन केला. विचारलं, तू खातेस तरी काय? दहा महिन्यांत पहिल्यांदा विचारलं. ती म्हणाली, "अक्का, थट्टा करतेस का? दवाखान्यातून सुटलो त्या दिवशी तूच मला पथ्य लिहून दिलंस. म्हणालीस, डॉक्टरांचं अक्षर तुला लागायचं नाही. फ्रिजवर लावलंय. त्याच्याबाहेर घास खाल्ला नाही, तू ओरडशील म्हणून."
फोटो पाठव म्हटलं. लगेच आला.
अक्षर माझंच आहे. सुवाच्य. सहाव्या ओळीखाली लाल शाईच्या दोन रेघा: 'पातळ आहे म्हणून गोड काहीही पिऊ नये.'