अकोल्याचे चाळीस फॉर्म

सर, तुमच्या हाताखाली मी ज्या विषयावर प्रबंध लिहिला, त्याच विषयावर आता माझ्या हाताखाली एक मुलगी लिहिते आहे, आणि तिच्यामुळेच आज तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मधल्या काळात जिल्ह्याचं नाव बदललं, तरी एसटीत लोक कंडक्टरला 'एक नगर' असंच सांगतात. मी नोकरीत कायम झाले, मार्गदर्शक झाले, खोलीच्या दारावर माझ्या नावाआधी 'डॉ.' लागलं. ते कशावर उभं आहे हे मला माहीत आहे. तुम्हाला माहीत होतं की नाही, हे मात्र मला कधीच कळलं नाही.

तुमचं स्वयंपाकघर आठवतं. काकू गेल्यावर तुम्ही बाहेरच्या खोलीत बसणंच सोडलं होतं. माझी प्रकरणं ओट्याजवळच्या छोट्या टेबलावर तपासली जायची, कुकर झाला की तुम्ही वाक्य अर्धं टाकून उठायचात आणि गॅस बंद करून बरोबर त्याच शब्दावर परत यायचात. चहा तुम्हीच करायचात, आणि तोही माझा अभ्यास ज्या चहाच्या कंपनीवर होता तिचाच. 'ज्याच्यावर लिहितेस ते पोटात गेलं पाहिजे,' असं म्हणत साखर जरा जास्तच घालायचात. विषयाचं नाव भारदस्त होतं, एकात्मिक विपणन संवाद आणि ब्रँडची कामगिरी. आईला मी तो असा समजावला होता: रेडिओवरची जाहिरात, भिंतीवर रंगवलेली जाहिरात, पुडीवरचा मजकूर आणि दुकानदाराचं तोंड, ही सगळी एकच गोष्ट सांगत असतील तर तो माल जास्त खपतो का आणि लोकांच्या मनात टिकतो का. आई म्हणाली होती, 'एवढ्यासाठी चार वर्षं?' हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही डोळे पुसेपर्यंत हसलात. मग म्हणालात, 'आईला सांग, खपतो की नाही हे दोन दिवसांत कळतं. का खपतो, याला चार वर्षं लागतात.'

मी दुकानदारांकडून भरून आणलेले फॉर्म तपासताना बाकीच्या तालुक्यांबद्दल तुम्ही फारसं बोलला नाहीत. अकोले तालुक्याच्या गठ्ठ्यापाशी थांबलात. राजूरच्या पुढच्या डोंगरातल्या गावांमधले किराणा दुकानदार, चाळीस फॉर्म, आणि चाळीसही फॉर्मांवर प्रत्येक प्रश्नापुढे 'पूर्णपणे सहमत'. तुम्ही पानं उलटत राहिलात आणि मी तुमच्या बोटांकडे बघत राहिले. 'चाळीस माणसं एका सुरात फक्त आरतीत बोलतात,' तुम्ही म्हणालात. 'फॉर्मवर कंपनीचं नाव छापलंयस ना? तुला कंपनीची समजले ते. परत जा. कागद पिशवीत ठेव आणि नुसतं विचार, हाच चहा का ठेवता. सांगतील ते नंतर लिही.' मी म्हणाले, सर, मुदत संपत आलीय, माझी मुलगी लहान आहे. तुम्ही उठलात. आत जाऊन तुमचं जुनं लाकडी पॅड आणलंत, कडा घासून गुळगुळीत झालेलं, ज्यावर तुम्ही तुमची सगळी सर्वेक्षणं केली होती. 'हे ठेव,' म्हणालात. 'जीपमध्ये मांडीवर कागद हलत नाहीत.'

मी गेले, सर. हे खोटं नाही. पिशवीत तुमचं पॅड आणि कोरे फॉर्म, संगमनेरला गाडी बदलून अकोले, तिथून राजूर, राजूरहून जीप. भाताच्या खाचरांमधून जीप चालली आहे आणि मी मनात प्रश्न घोळवते आहे. पहिलं दुकान एका बाईंचं होतं, घराच्या ओसरीतच फळ्या मारलेल्या. त्यांनी मला ओळखलं.

'कंपनीचा कागद आणलाय का आज?'

'नाही.'

'मंग बसा. मागल्या टायमाला तुमी आल्या, आमाला वाटलं दुकानाचा बोर्ड रंगवून देतील. म्हनून समदं चांगलं चांगलं सांगितलं.'

मी विचारलं, मग हाच चहा का ठेवता? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी विचारावं की पाणी का पिता. 'अवो ताई, दुसरी पुडी येतीच न्हाई हितं. टेम्पोवाला टाकील ते इकायचं.' रेडिओवरची जाहिरात? 'रेडू लागतो कुटं?' आणि भिंतीवर एवढी मोठी रंगवली आहे ती? त्या हसल्या. 'ती लई चांगली हाय. रंगानं भिंतीला वल कमी येती.'

माझ्या फॉर्ममध्ये 'दुसरी पुडी येतच नाही' याला रकाना नव्हता. त्यांचं वाक्य मी एका फॉर्मच्या तळाशी तसंच लिहून घेतलं. पुढची एकोणचाळीस दुकानं हेच सांगणार हे मला तिथेच कळलं, आणि तसं झालं तर अकोल्याचा सगळा भाग माझ्या गृहीतकाच्या विरुद्ध उभा राहणार होता. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की त्या दिवशी मी मुलीसाठी परत फिरले. तपासून पाहिलं तर ते टिकत नाही. मुलगी माझ्या आईजवळ होती, तिला ताप नव्हता, काही नव्हतं. मी त्या वाक्यापासून परत फिरले.

अकोल्याच्या स्टँडवर संगमनेरच्या गाडीला दीड तास होता. बाकावर बसून मी तुमचं पॅड मांडीवर घेतलं आणि कोऱ्या फॉर्मांवर जुन्याच चाळीस दुकानांची नावं लिहिली. या वेळी काही 'सहमत', काही 'तटस्थ', आठ-दहा 'असहमत', म्हणजे माणसांनी वेगवेगळा विचार केल्यासारखं दिसेल, पण शेवटी बेरीज माझ्याच बाजूला पडेल. निळं पेन वापरलं, मग काळं. काही खुणा मुद्दाम तिरक्या केल्या. त्या बाईंच्या नावाचाही नवा फॉर्म भरला आणि त्यांचं वाक्य असलेला कागद घडी घालून पिशवीच्या तळाशी ठेवला. शेजारी एक आजी टोपली घेऊन बसल्या होत्या, बराच वेळ बघत होत्या.

'खानेसुमारी हाय का, बाई?'

मी 'हो' अशी मान हलवली. कशाला हलवली कोण जाणे.

'मंग आमचं बी लिव्हा की. घरात सा मान्सं हायेत, आन् एक व्हनार हाय.'

मी म्हणाले, आजी, तुमच्या गावात दुसरे येतील. 'कवा?' त्यांनी विचारलं. मी फॉर्मवर खाली बघितलं आणि पुढची खूण केली.

दोन दिवसांनी तुम्ही तो गठ्ठा स्वयंपाकघरात वाचलात. एक फॉर्म खिडकीशी नेऊन उजेडात धरलात. निळी शाई आणि काळी शाई, मी मनात म्हणत होते, आता विचारतील. तुम्ही विचारलंत, 'जीप लगेच मिळाली का?' मी म्हणाले, हो, गर्दी होती. तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात. 'आता माणसं बोलल्यासारखी वाटतात,' म्हणालात, आणि प्रमाणपत्रावर सही केलीत. हे तुम्ही विश्वासाने म्हणालात की मला एक जागा ठेवलीत, मी बोलावं म्हणून? पुढच्या वर्षी तुम्ही गेलात आणि ती जागा तशीच राहिली. अकोल्याच्या प्रकरणावर माझा पहिला पेपर आला: दुर्गम भागातही एकसंध संदेशामुळे ब्रँडची कामगिरी सुधारते. त्याचे संदर्भ लोक अजून देतात.

आता माझ्या हाताखाली असलेली ही मुलगी सोनईची आहे. वडिलांची शेती, घरातली पहिली पदवीधर, सरळ आणि जरा मोठ्यानं बोलणारी. तिचा भर मोबाईलवरच्या जाहिरातींवर, पण तिने त्याच गावांमध्ये जाऊन दुकानदारांना नुसतं विचारलं, कागद पिशवीत ठेवून. तसं करायला मी शिकवलं तिला. शिकवते मी तुमचंच. परत येऊन म्हणाली, 'मॅडम, माझं अकोलं तुमच्या पेपरशी जुळेना. जुनी माणसं म्हणतात, तेव्हा दुसरी पुडीच येत नव्हती. आताही जे येतं तेच खपतं. जाहिरातीचं कुणी नावच घेत नाही.' मी म्हणाले, पुन्हा एकदा बघून ये. ती गेली. तीन दिवस राहिली, एका दुकानदाराच्या घरी जेवली, आणि तेच घेऊन आली. पण आवाज उतरला होता. 'लोकांनी माझं बोलणं चेष्टेवारी नेलं असेल, मॅडम. नाहीतर माझंच विचारायचं चुकलं.' त्या वेळी मला सांगता आलं असतं. मी म्हणाले, 'बघू.'

आज सकाळी ती प्रकरण घेऊन आली. चेहरा मोकळा दिसत होता. 'अकोल्याचा भाग काढूनच टाकला, मॅडम. आता सगळं तुमच्याशी जुळतंय.' तिच्या हातातले कागद मी घेतले. तिने खरं शोधलं होतं आणि ते माझ्यामुळे फेकून दिलं होतं, आणि वर माझे आभार मानत होती. उद्या तो प्रबंध विद्यापीठाकडे जाईल. मी बोलले तर माझी पदवी जाईल, कदाचित ही खोलीही, आणि मार्गदर्शक गेल्यामुळे तिची नोंदणी लटकेल. हे शेवटचं कारण मी सकाळपासून पुनःपुन्हा पुढे करते आहे, तिच्या काळजीने गप्प आहे असं. त्यातली काळजी किती आणि भीती किती, हे वेगळं काढायचा प्रयत्न केला. काळजी फार थोडी निघाली.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तुम्हाला लिहिताना एवढी तरी सोय आहे. ती खाली ग्रंथालयात बसली आहे. मी तिला सांगितलं होतं की तुझं प्रकरण वाचते आणि तासाभरात बोलावते. तास केव्हाच होऊन गेला. मघाशी तिने दारातून डोकावून विचारलं, 'झालं का वाचून, मॅडम?' मी म्हणाले, थोडं राहिलंय. सर, मी पहिलं पानसुद्धा उलटलेलं नाही.