बाहेरची कडी

जालना, ३० जानेवारी १९७६

प्रिय गिरिजा,

बाळाच्या बारशाचं बोलावणं पोचलं. वडिलांना नेऊ की नको, हे घाबरत विचारलंस. बांधाच्या भांडणात काठी चालवून सात वर्षं तुरुंगात काढलेल्या बापाबद्दल लेकीने विचारायलाच हवं. उत्तर गोड नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तुरुंगात कैद्यांना वाचायला शिकवत असे. रामकिसन पाटी घेऊन सर्वांत पुढे बसायचा. सुटल्यावर जाफराबादकडच्या तुमच्या गावाने त्याला दारात उभं केलं नाही, म्हणून मी माझी मागची खोली दिली. तिथे तो सतरंज्या विणतो. तुरुंगाकडून त्याच्या चौकशीला आलेले साहेब माझा चहा पिऊन ‘उत्तम सुधारणा’ असं लिहून गेले. शहाण्यांनी संध्याकाळी सहाला यायचं होतं.

सहाला तो आत जातो, दार लोटतो आणि थांबतो. मी बाहेरून कडी घातली की आतून म्हणतो, “एकवीस.” तुरुंगातल्या गिनतीतला त्याचा आकडा. सकाळी कडी काढली की पुन्हा “एकवीस.” सुरुवातीला मी ठणकावलं, हे घर आहे, कोंडवाडा नव्हे. तर म्हणाला, “बाई, कडी बाहेरून असली की मला माझ्या हातांचं भेव वाटत न्हाई.” मी कडी घालू लागले.

गेल्या महिन्यात अंबडला गेले आणि शेवटची एसटी चुकली. दुसऱ्या दिवशी दुपारी परतले, तर वाऱ्याने दार सताड उघडलेलं. रामकिसन उंबऱ्याच्या आत उभा, ओठ फुटलेले. भरलेला माठ बाहेर, दोन पावलांवर. म्हणाला, “कडी वाजली न्हाई. मंग निघू कसा?”

माझं डोकंच फिरलं. आम्ही त्याला बाराखडी शिकवली आणि उंबरा ओलांडायचं विसरायला लावलं. परवा कारभारी सुताराकडून कडी उखडून घेतली.

सहा वाजता पाय आपोआप तिकडे वळले. मीही लहानपणी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात घंटेवर उठलेली, घंटेवर जेवलेली. कडीच्या जागी चार भोकं होती. त्यांवरून नुसतं बोट फिरवलं. काहीही वाजलं नाही, गिरिजा. तरी आतून आलं, “एकवीस.” आणि तो आकडा ऐकल्यावरच मला घास गिळता आला.

म्हणून हे पत्र. त्याला ने आणि परत पाठवू नकोस. तुझ्या घरी रोज सकाळी आतली कडी त्यालाच काढायला लाव. भीती त्याची बाळगू नकोस, माझी बाळग. आज मी कारभारीला कडी परत बसवायला सांगून आले. तो गुरुवारी येणार आहे. तू बुधवारीच ये.

तुझीच, आणि स्वतःवर संतापलेली,
प्रभावतीबाई