डॉक्टरीणबाईंच्या गाडीची बॅटरी

अगं, थर्मासमध्ये चहा आहे. मी डॉक्टरीणबाईंकडे निघालोय. त्यांची ती छोटी, ऐटदार इलेक्ट्रिक गाडी काल चालवून पाहताना कप्प्यात पावती दिसली. बॅटरी गेल्याच वर्षी नवी बसवलीय! गाडीचं सगळं त्यांचे यजमानच बघायचे; ते गेले, आणि बाईंना बॅटरीचं ठाऊकच नाही. बॅटरी जुनी समजून गाडी आपल्याला निम्म्या भावात देताहेत. सही व्हायच्या आत सांगायला हवं. गाडी कदाचित हातची जाईल.

"झालं, ह्यांचं निरूपण सुरू!" म्हणशील. म्हण खुशाल. पण रोज संध्याकाळी देवाचं नाव गायचं आणि बाईंपुढे पावतीचं गिळून बसायचं, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही.

बस चढताना तुझे गुडघे कसे कुरकुरतात, मला दिसतं गं. म्हणूनच तुला उठवलं नाही, ही चिठ्ठी ठेवली. तू नुसतं "थांबा" म्हणाली असतीस, तरी थांबलो असतो.